दोघींत खेळायचा 'शब्द ओळखा': 'पुस्तक' तीन घरांचं की चार?

दुपारची_गाडी

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि सासूबाई एकाहत्तर. वर्षातून चार-पाच वेळा आम्ही तिघी रेल्वेने लांब जातो, एका बाजूला अकरा तास. त्या अकरा तासांत या दोघींनी एकमेकींशी खेळावं अशी माझी फार इच्छा आहे. पत्ते हलत्या गाडीत घसरतात, सोंगट्या बाकाखाली जातात, आणि मोबाइल हातात दिला की मुलगी तिच्या जगात आणि आजी खिडकीशी एकट्या.

म्हणून शब्द ओळखायच्या खेळाची एक प्रवासी पेटी घेतली. खेळ दोघांचा. प्रत्येकीसमोर खाचा असलेली पट्टी, तिच्यात आपला शब्द अक्षरं आपल्याकडे तोंड करून लावायचा. समोरची एकेक अक्षर विचारते. असलं तर ते तिच्याकडे वळवायचं, नसलं तर फासावरच्या माणसाचं चित्र एक रेघ पुढे सरकतं. पेटी मिटली की वहीएवढी होते, मांडीवर राहते, काही सांडत नाही. कल्पना मला मनापासून आवडली.

पण अक्षरं इंग्रजी. सासूबाई इंग्रजी वाचतात, मात्र शब्द धरायचा म्हटलं की त्यांना तेच दहा-बारा सुचतात. मुलगी दर वेळी जिंकायची. तिसऱ्या डावानंतर तिलाच ते बरं वाटेना. याच सासूबाई मराठी शब्दकोडं पेनाने सोडवतात, पेन्सिलीने नाही! त्यांच्याकडे शब्दांचं केवढं भांडार आहे, आणि खेळात ते कुलूपबंद राहतं.

मग वहीच्या पानावर मराठीत खेळून पाहिलं. पहिल्याच डावात अडलं. मुलीने 'पुस्तक' धरला आणि चार रेघा मारल्या: पु, स, त, क. आजी चार अक्षरी शब्द शोधत बसल्या. शब्द कळल्यावर म्हणाल्या, "अगं, हा तीन अक्षरी आहे." मुलगी म्हणाली, "मग स कुठे लिहू?" दोघींचंही मला पटलं.

दुसरा प्रसंग मनाला लागला. शब्द 'सूर्य' होता. आजींनी विचारलं, "र आहे?" मुलगी म्हणाली, "नाही." आजी हरल्या. शब्द पाहून म्हणाल्या, "र आहे की गं यात." मुलीने पुन्हा पुन्हा पाहिलं आणि तिला रडू आलं. "र कुठे आहे? वर नुसती एक वळलेली रेघ आहे." आपल्याला कोणी खोटारडी म्हणतंय असं तिला वाटलं. आजींनी जवळ घेतलं, पण त्या दिवशी पुन्हा वही उघडली नाही.

मला मराठीसाठी अशी पेटी किंवा घडीचा पुठ्ठा स्वतः बनवायचा आहे. घरं कशी मोजायची? काना, वेलांटी, उकार हेही ओळखायचे का? चकत्या करायच्या तर किती? आणि फासाच्या जागी दुसरं काय घ्यावं? नऊ वर्षांच्या मुलीने गाडीत बसून फास काढावा हे मला नको आहे.

---

सरळ_रेघ

'पुस्तक' तीनच. आपण 'तीन अक्षरी शब्द' म्हणतो तेव्हा पु-स्त-क असंच मोजतो. आम्ही दोघं भाऊ लहानपणी अख्खं अक्षर विचारायचो. 'स्त' असेल तर 'स्त'च म्हणायचं, 'पु' असेल तर 'पु'. नुसता 'प' म्हटलं तर चूक धरायची. चुका पंधरापर्यंत माफ. त्यात शंकेला जागाच राहत नाही, म्हणून मी तेच सुचवेन.

---

दुपारची_गाडी

आभार. कालच तसं खेळून पाहिलं. शब्द 'खिडकी'. मुलीने क, का, कु, के विचारलं, चारही नाही. 'की' होती. पंधरा चुका संपल्या तेव्हा पानावर एकही अक्षर नव्हतं. तुम्ही दोघं भाऊ जिद्दीचे असणार. तिचा मात्र धीर सुटला.

---

खिळेजुळारी

ताई, तुमचा प्रश्न वाचून उठलो आणि लगेच लिहायला बसलो. मी छापखान्यात एकतीस वर्षं हाताने खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवले. तुमच्या मुलीला पडलेला प्रश्न, 'स कुठे लिहू', आमच्या हातांनी रोज सोडवला आहे.

आधी 'खिडकी'चं काय झालं ते सांगतो. मराठीत व्यंजनं ३४. बाराखडी धरली तर एकेकाची बारा रूपं. ३४ गुणिले १२, झाली ४०८. त्यात जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. इंग्रजी पेटीत २६ अक्षरांतून एक निवडायचं असतं, आणि तुमच्या मुलीला चारशेंतून एक निवडायला सांगितलं. पंधरा चुका पुरतील कशा? इंग्रजीपेक्षा मराठीच्या केसला, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीला, कितीतरी जास्त खण लागायचे ते याचमुळे. नवीन मुलगा कामाला आला की खण पाठ व्हायलाच त्याचे महिने जायचे.

म्हणून माझा सल्ला असा. विचारायचं ते फक्त व्यंजन. मात्रा फुकट मिळते. मुलीने 'क आहे का' विचारलं की आजींनी तिसऱ्या घरात सरळ 'की' लिहायची. 'ख' विचारला की 'खि'. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, सगळं आपापल्या व्यंजनाबरोबर येतं. 'दुःख'मध्ये 'द' विचारला तर 'दुः' लिहा. याने ४०८ चे ३४ होतात आणि खेळ माणसाच्या आवाक्यात येतो.

घरांबाबत आजींचं बरोबर आहे. 'पुस्तक' तीन घरांचं. पण 'स कुठे लिहू' हा मुलीचा प्रश्नही खरा आहे, तो बाजूला सारू नका. ज्या घरात जोडाक्षर असेल त्या घरात डाव सुरू करण्यापूर्वीच एक तिरपी रेघ मारायची, म्हणजे घराचे दोन भाग होतात. तीन व्यंजनं जोडलेली असतील तर दोन रेघा. समोरच्याला हे आधीच दिसू दे. 'पुस्तक'साठी एक रिकामं घर, एक तिरप्या रेघेचं, एक रिकामं. आता 'स' विचारला तर मधल्या घराच्या पहिल्या भागात 'स्', आणि 'त' आला की घर पुरं: 'स्त'. जोडाक्षराची मात्रा घर पुरं झाल्यावरच लिहायची.

'स्वातंत्र्य' घ्या. घरं तीन, पहिल्यात एक रेघ, दुसरं मोकळं, तिसऱ्यात दोन रेघा. 'त' विचारला तर दुसऱ्या घरात 'तं' आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला 'त्', दोन्ही एकदम. दिसायला हा शब्द तीन घरांचा, पण आत स, व, त, र, य अशी पाच वेगळी व्यंजनं. आजींनी असा शब्द धरला तर मुलीला आनंदच होईल, कारण विचारलेलं काहीतरी उघडण्याची शक्यता जास्त. लोकांना वाटतं मोठा शब्द अवघड. उलट आहे. 'ढग', 'झरा', 'ओढ' असले छोटे शब्द सर्वांत छळतात, कारण पकडायला धागाच नसतो.

आता 'सूर्य'. मुलीला सांगा, तिची चूक मुळीच नाही. 'र' हा आपल्या लिपीतला सर्वांत बहुरूपी खिळा. 'रस'मध्ये तो सरळ उभा. 'सूर्य'मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, तो रफार. 'चक्र'मध्ये पायाशी तिरपी रेघ. 'राष्ट्र'मध्ये ट च्या खाली टोपीसारखा. आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांत आडवा. मी स्वतः शिकाऊ असताना रफार एक अक्षर आधी लावायचो, कारण कानाला तो आधी ऐकू येतो. आमच्या फोरमननी मला एकच गोष्ट शिकवली, ती तुमच्या मुलीला द्या: शब्द धरला की तो सुटा करून स्वतःशी बोलायचा. सू... र्... य. जीभ थरथरली की र आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. तिने आपला शब्द पट्टीवर लिहिल्यावर खाली त्याची व्यंजनं फोडून लिहावीत: स, र, य. मग कोणी विचारलं की तिने त्या खालच्या ओळीत पाहायचं. पुन्हा तसं रडू येणार नाही.

चकत्या करू नका. मी छापखान्यातला माणूस, मला सुटी अक्षरं प्रिय आहेत, तरी सांगतो, नको. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी बसते, रफार पुढच्याच्या डोक्यावर, उकार खाली. चकत्यांनी हे जुळवायचं तर आमची अख्खी केस गाडीत न्यावी लागेल. त्यापेक्षा घडीचा जाड पुठ्ठा, आतून पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेला, आणि पुसता येणारं पेन. दोघींना एकेक.

पुठ्ठ्यावर व्यंजनांची चौकट छापा. क पासून म पर्यंत पाच ओळी, दर ओळीत पाच, म्हणजे २५. त्याखाली य र ल व श, आणि त्याखाली ष स ह ळ. झाली ३४. शेवटच्या ओळीत एक घर उरतं, तिथे 'स्वर' लिहा. बरोबर ३५ घरं, सात ओळी पाच रकाने, एकही वाया नाही. 'स्वर' विचारलं की शब्दात सुटे आलेले अ, आ, इ, ऊ, ए, ऋ असे सगळे स्वर उघडायचे. 'पाऊस'मधला 'ऊ' याने मिळतो. फक्त 'आई'सारखे नुसत्या स्वरांचे शब्द धरायचे नाहीत, एका प्रश्नात डाव संपतो.

विचारलेलं व्यंजन त्या चौकटीत खोडायचं. तेच तेच दोनदा विचारलं जात नाही.

भांडणं होतील अशा जागा आधीच ठरवून टाका. 'क्ष'साठी तिरपी रेघ, आत क आणि ष. 'ज्ञ'साठीही तिरपी रेघ नको का, असं मुलगी विचारेल, आणि आपण त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतो म्हणून ती द, न, य शोधेल. 'ज्ञ' एकच घर धरा आणि 'ज'ने उघडा. लेखनात तो ज आणि ञ मिळूनच झालेला आहे. नामं एकवचनी, प्रत्यय न लागलेली. 'पुस्तकात' चालणार नाही. क्रियापदं नकोत, कारण मूळ रूपात ती सगळी 'णे'वर संपतात, आणि ण विचारला की शेवटचं घर आयतं मिळतं.

खेळता खेळता कळणाऱ्या गोष्टी मी आत्ताच सांगून मजा घालवणार नाही, पण दोन सांगतो, मुलीला आजीच्या बरोबरीला यायला लागतील. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही, त्यामुळे पहिल्या घरासाठी ते विचारूच नयेत. आणि सुरुवात र, त, न, क, ल यांनी करावी. आमचा र चा खण कायम पहिला रिकामा व्हायचा. 'ह'चा मोह मात्र टाळावा. छापलेल्या मजकुरात तो भरपूर लागतो, पण 'आहे', 'होता', 'हा', 'ही' यांच्यामुळे. मूळ नामांत तो तितका भेटत नाही.

फासाऐवजी फूल काढा. सात पाकळ्या, चूक झाली की एक पुसायची. शेवटची पाकळी असताना मुलं जो विचार करतात तो बघण्यासारखा असतो.

---

पाच_खाली_सात

वरचं उत्तर मी जपून ठेवलं. मी गणित शिकवते, म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

पहिली वयाच्या फरकाबद्दल. ३५ घरांच्या चौकटीत ओळी आहेत, त्यांचा उपयोग करा. धाकटीला प्रत्येक डावात दोन 'ओळ-प्रश्न' द्या: "च-ओळीतलं काही आहे का?" उत्तर 'नाही' आलं तर च छ ज झ ञ पाचही एकदम खोडले जातात, आणि चूक धरायची नाही. आजींना ही सवलत नाही. यात तिला आयतं काही मिळत नाही, विचार करायला एक साधन मिळतं. ३५ घरांतलं एकच अक्षर शोधायचं असेल तर हो-नाहीचे सहा प्रश्न पुरतात. पाच प्रश्नांनी ३२ शक्यताच वेगळ्या करता येतात, सहाव्याने ६४. हे सूत्र तिला सांगू नका. चौथ्या-पाचव्या डावात ती आपणहून ठरवते की आधी मोठा गठ्ठा वेगळा करायचा. मी मुलांमध्ये हे घडताना पाहिलं आहे आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

दुसरी गोष्ट पुढच्या पायरीची. या खेळात एकेक अक्षर विचारतात. एक भावंड-खेळ आहे ज्यात अख्खा शब्द विचारायचा आणि समोरचा फक्त आकडे सांगतो. १९५५ साली मॉर्टन रोझेनफेल्ड यांचा 'जॉटो' आला तो असाच: पाच अक्षरांचा गुप्त शब्द, आणि तुमच्या शब्दातली किती अक्षरं त्यात आहेत तेवढंच सांगायचं. १९७० मध्ये मॉर्डेकाय मायरोविट्झ यांनी अक्षरांच्या जागी रंगीत खुंट्या घेतल्या, तो 'मास्टरमाइंड'. सहा रंग, चार जागा, १,२९६ जुळण्या. डोनल्ड नूथ यांनी १९७७ मध्ये दाखवलं की नीट खेळलं तर त्यातली कोणतीही जुळणी जास्तीत जास्त पाच चालींत सापडते. २०२१ मधला जॉश वॉर्डल यांचा 'वर्डल' त्याच घराण्यातला, पाच अक्षरं आणि सहा प्रयत्न, फक्त समोर माणूस नाही. तुमच्या पुठ्ठ्यावर समोर माणूस आहे, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

मराठीत हा खेळ तीन घरी शब्दांवर सुंदर जमतो. जोडाक्षरं आधी टाळा. मात्रा मोजू नका, फक्त व्यंजनं. दोन आकडे सांगायचे: किती व्यंजनं जागेवर बरोबर, आणि किती आहेत पण जागा चुकलेली.

समजा आजींचा गुप्त शब्द माहीत नाही. मुलगी म्हणते 'मगर'. आजी: जागेवर शून्य, जागा चुकलेलं एक. मुलगी म्हणते 'कपाळ'. आजी: जागेवर दोन, चुकलेलं शून्य. आता थांबून विचार करायचा. म, ग, र यांतलं एक आत आहे, पण क, प, ळ यांतली दोन जागेवर आहेत, म्हणजे एकच घर शिल्लक. प मधल्या घरातला नसेल तर पहिलं क आणि शेवटचं ळ. मग मधे ग येऊ शकत नाही, कारण 'मगर'मध्ये ग मधेच होता आणि जागेवर शून्य सांगितलं होतं. मधे म किंवा र. म घेतला की 'कमळ' समोर उभं राहतं. आणि मधे प असून क किंवा ळ यांतलं एक शब्दात नसण्याची शक्यता उरतेच, ती तपासायला आणखी एक शब्द खर्च करावा की थेट 'कमळ' म्हणावं, हा निर्णय तिचा. नऊ वर्षांची मुलगी गाडीत बसून 'जर-तर' करते आहे, याहून मला दुसरं काही नको.

पण हे आत्ता नको. आधी फूल-पाकळ्यांचा खेळ पक्का होऊ दे. आकड्यांच्या खेळात उत्तर देणारीची एक चूक झाली की पुढचा सगळा विचार वाया जातो, आणि 'सूर्य'च्या दिवसानंतर तिला तो धक्का परत बसू नये.

---

डोळे_मिटून

माझ्या वडिलांची दृष्टी गेली त्याला सहा वर्षं झाली. आम्ही हा खेळ पुठ्ठ्याशिवाय, नुसता बोलून खेळतो. रात्री डब्यातले दिवे मालवल्यावर तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

शब्द धरणारा घरं सांगतो: "तीन घरं, मधलं जोडलेलं." ओळखणारा बोटांच्या पेरांवर घरं धरतो, पहिल्या बोटाची तीन पेरं म्हणजे तीन घरं. जे उघडेल ते पेर अंगठ्याने दाबून ठेवायचं. प्रत्येक प्रश्नानंतर शब्द धरणाऱ्याने सगळी स्थिती पुन्हा म्हणायची: "पहिलं रिकामं, मधे स्त, शेवटी क." हे पुन्हा म्हणणं गाळू नका. बाबांना सगळं डोक्यात धरावं लागतं आणि एवढ्या मदतीने ते तासभर न थकता खेळतात. चुका मी मोजतो, पाकळ्यांऐवजी दुसऱ्या हाताची पेरं.

बोलून खेळताना श आणि ष एकच धरा. कानाला फरक कळत नाही, आणि त्यावरून हरलेला डाव कोणालाच गोड लागत नाही. न आणि ण मात्र वेगळे ठेवा, ते ऐकू येतात.

बाबांनी मागच्या आठवड्यात 'प्रकाश' धरला होता. मी शेवटच्या पेरावर ओळखला.

---

खिळेजुळारी

श-ष बद्दल डोळे_मिटून यांचं मान्य. बोलताना एक, पुठ्ठ्यावर दोन. त्यांच्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा.

गणिताच्या ताईंनी 'कमळ' जसं उलगडलं तसं आम्ही अर्धवट पुसलेल्या मुद्रितांवरून शब्द ओळखायचो. मनाला तेच काम.

---

दुपारची_गाडी

कालच परतलो. जाताना अकरा आणि येताना गाडी उशिरा म्हणून तेरा तास. सगळं सविस्तर सांगते, कारण तुम्ही सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलंत.

दोन घडीचे पुठ्ठे केले. डाव्या बाजूला ३५ घरांची चौकट, उजव्या बाजूला वर सहा मोठी घरं, मधे व्यंजनं फोडून लिहायची बारीक ओळ, खाली सात पाकळ्यांचं फूल. पहिल्या पुठ्ठ्यात मी अक्षरं लहान ठेवली होती, सासूबाईंना हलत्या गाडीत वाचता येईनात. घरीच लक्षात आलं म्हणून बरं. दुसऱ्या वेळी एकेक अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं केलं. पेन दोरीने पुठ्ठ्याला बांधलं, नाहीतर पहिल्याच वळणावर ते बाकाखाली गेलं असतं.

काका, व्यंजनं फोडून लिहायची ओळ ही सर्वांत मोठी गोष्ट ठरली. ती ओळ लिहिताना मुलगी ओठ हलवते. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "ओठ हलवू नकोस, मला कळतंय," तेव्हापासून पुठ्ठा तोंडासमोर धरून लिहिते. ओळ-प्रश्नांची सवलत तिने जाताना प्रत्येक डावात घेतली. येताना निम्म्या डावांत "मला नको" म्हणाली. आम्ही कोणी तिला तसं सुचवलं नव्हतं.

एक वाद झाला. सासूबाईंनी 'वाङ्मय' धरला. ङ एकटा कुठे येतो हेच मुलीला ठाऊक नव्हतं, तिने चौकटीतलं ते घर कधीच विचारलं नसतं. तिचं म्हणणं, तिला माहीत नसलेला शब्द धरणं योग्य नाही. सासूबाईंचं म्हणणं, मग नवा शब्द कळणार कसा? शेवटी ठरलं की असा शब्द धरायचा असेल तर डावापूर्वी "नवा आहे" सांगायचं, आणि हरली तरी पाकळी मोजायची नाही. मला हा तोडगा फार आवडला, दोघींनीच काढला.

दिवे मालवल्यावर पेरांवरही खेळलो. त्या वेळी मीही खेळले.

आणि हे सांगायचंच होतं. परतीच्या शेवटच्या तासात मुलीने तीन घरं आखली, मधल्यात तिरपी रेघ. सासूबाईंना पहिल्याच प्रश्नात 'कु' मिळालं. मग त, न, ल, स, म गेले. पाच पाकळ्या पुसल्या. ड विचारला, तो शेवटच्या घरात होता. कु, जोडाक्षर, ड. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि जरा घुटमळत विचारलं, "र आहे का गं?"

मुलीने खालच्या ओळीत पाहिलंसुद्धा नाही. "आहे आजी. आडवा आहे," म्हणाली, आणि मधल्या घराच्या पहिल्या भागात काळजीपूर्वक 'ऱ्' काढला.

शब्द 'कुऱ्हाड' होता.

---

खिळेजुळारी

ताई, तो आडवा र मला माझ्या तिसऱ्या वर्षी नीट लावता आला होता. मुलीला सांगा, आता 'राष्ट्र' धर.